खो-खो थांबवू नका, आत्ता तर नाहीच

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"माझी मुलगी नुकतीच बारा वर्षांची झाली, सातवीत आहे. चौथीपासून शाळेच्या मैदानावर खो-खो खेळते आणि यंदा तालुक्याच्या संघात तिची निवड झाली आहे. दीड महिन्यापूर्वी तिला पाळी सुरू झाली. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, 'आता मोठी झाली, उड्या आणि पळापळ पुरे. गर्भाशय खाली सरकतं, पुढे बाळंतपणाला त्रास होतो. आणि उन्हात रापलीय किती बघ.' यजमानांचं म्हणणं, आता क्लास सुरू होतील, मग दहावी. तोवर खेळ बाजूला ठेवू, कॉलेजात गेल्यावर जिम लावून देऊ. माझं मन मानत नाही, पण बोलायला मुद्दा सापडत नाही. गेल्या वर्षी माझी आई, वय ६५, न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं पार ठिसूळ झालीत. तेव्हापासून मी मुलीला रोज दूध आणि नाचणी देते. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू का? खेळ थांबवला तर हाडांना खरंच फरक पडतो का? आणि पडत असेल तर दहावीनंतर तो भरून काढता येईल का?"
— एक आई, सांगली जिल्हा

प्रिय ताई,

उत्तरं आधी देते, कारण तालुक्याचे सामने तोंडावर असतील. खेळ थांबवू नका. फरक पडतो, आणि याच वयात सगळ्यात जास्त पडतो. दहावीनंतर थोडं भरून निघतं, सगळं नाही. गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू करू नका. आता हे घरात कसं बोलायचं, त्यासाठी पुढचं सगळं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुबा मोडलेल्या बायकांना पुन्हा उभं करणं हे गेली २३ वर्षं माझं रोजचं काम आहे. ऑपरेशन झालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही वॉकर हातात देतो. त्या पहिल्या पावलाआधी बहुतेक जणी जे विचारतात ते दुखण्याबद्दल नसतं. "मला एकटीला न्हाणीत जाता येईल ना?" एवढंच विचारतात. तुमच्या आईनंही कदाचित हेच विचारलं असेल. मी त्यांच्याशी बोलता बोलता हमखास एक प्रश्न विचारते, ज्याचा उपचाराला काही उपयोग नसतो: लहानपणी काय खेळायचात? डोळे चमकतात. लंगडी, ठिक्कर, दोरीच्या उड्या, आट्यापाट्या. आणि मग जवळजवळ ठरलेलं वाक्य येतं: "शहाणी झाल्यावर कुठलं आलंय खेळणं, बाई!"

यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी आधीच सांगते. त्या पिढीनं विहिरीवरून हंडे वाहिले, लागोपाठ बाळंतपणं काढली, सगळ्यांच्या शेवटी उरलेलं खाल्लं. तुमच्या आईचं हाड तिचा खेळ सुटला म्हणून मोडलं, असं म्हणायला मी तयार नाही. हाडं किती भक्कम होणार यातला मोठा वाटा, साधारण ६० ते ८० टक्के, आईवडिलांकडून आलेला असतो. पण ताई, म्हणूनच तुमच्या घरी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्या मुलीच्या आजीचा खुबा ६५व्या वर्षी मोडला, तिच्या बाबतीत आपल्या हातात असलेला उरलेला वाटा वाया घालवायचा नाही.

आता या वयात असं काय घडतं ते बघा.

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १९९१पासून काही संशोधकांनी शाळकरी मुलामुलींच्या हाडांची वर्षानुवर्षं मोजणी केली. मुलं वाढत होती आणि हे लोक त्यांच्या मागे मागे मोजत होते. त्यातून कळलं की मुलींच्या हाडांत खनिज भरण्याचा वेग सरासरी साडेबाराव्या वर्षी शिगेला पोचतो, म्हणजे पाळी सुरू होण्याच्या आसपास. बाई मोठी झाल्यावर तिच्या हाडांत जेवढं खनिज असतं, त्यातलं सुमारे चौथाई त्या शिगेच्या अलीकडच्या-पलीकडच्या मिळून फक्त दोन वर्षांत भरलं जातं. दोन वर्षांत चौथाई! पाळी गेल्यानंतर पाच-सात वर्षांत काही बायकांच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटते. म्हणजे उतारवयात जेवढं जातं, जवळपास तेवढंच या दोन वर्षांत जमा होतं. अठराव्या वर्षापर्यंत मुलीच्या हाडांची जवळजवळ ९० टक्के भरणी झालेली असते. उरलेली विशी संपेपर्यंत हळूहळू होते, आणि मग खर्चाचीच बाजू सुरू.

त्याच मोजणीत दुसरी गोष्ट दिसली. सगळ्यात जास्त हालचाल करणाऱ्या मुली आणि सगळ्यात कमी हालचाल करणाऱ्या मुली यांची, उंची-वजनाचा फरक बाजूला ठेवून, तुलना केली. त्या शिगेनंतर एक वर्षानं खेळत्या मुलींच्या शरीरातलं हाडांचं खनिज १७ टक्क्यांनी जास्त भरलं. मुलग्यांमध्ये हाच फरक ९ टक्के होता. मुलींना खेळाचा फायदा अधिक झालेला दिसतो, आणि आपण नेमक्या मुलींनाच मैदानावरून घरी बोलावतो.

तुमची मुलगी साडेबाराच्या उंबरठ्यावर आहे आणि दीड महिन्यापूर्वी तिला पाळी आली. सासूबाईंना जी खूण थांबण्याची वाटते, ती खरं तर हाडं सगळ्यात जोरात भरत असल्याची खूण आहे.

यजमानांच्या "कॉलेजात जिम लावू" या प्रश्नाचं उत्तर मला फिनलंडमधल्या एका अभ्यासात सगळ्यात स्पष्ट सापडतं. मी तो पेशंटच्या नातेवाइकांना नेहमी सांगते. १९९५मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात मोजले गेले. रॅकेटचा हात आणि दुसरा हात. यातली गंमत लक्षात घ्या. बाई एकच. तिचं खाणं एक, ऊन एक, आईवडील तेच, पाळी तीच. फरक फक्त एवढाच की एका हातानं हजारो फटके झेलले आणि दुसऱ्यानं झेलले नाहीत. खेळणाऱ्या हाताचं हाड अर्थातच जास्त भरलेलं निघालं. पण पाळी सुरू होण्याआधी किंवा सुरू होताना ज्यांनी खेळायला सुरुवात केली होती, त्यांच्या दोन हातांमधला फरक नंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होता. खेळ तोच, मेहनत तीच, मिळकत निम्मी. तुमच्या यजमानांना वही-पेन्सिल घेऊन बसवा आणि हे समजावून सांगा. हिशेब कळणाऱ्या माणसाला हे पटतं.

दूध-नाचणी एकट्यानं का पुरत नाही, याचंही उत्तर त्या दोन हातांतच आहे. दोन्ही हातांना दूध सारखंच मिळालं होतं.

हाड म्हणजे मेलेला दगड नव्हे. त्याच्या आत पेशींचं जाळं असतं आणि त्या पेशींना जोडणारे केसाहून बारीक कालवे असतात. आपण उडी मारून जमिनीवर पाय टेकतो तेव्हा हाड अगदी किंचित वाकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं. त्या वाकण्यानं कालव्यांतलं पाणी हलतं आणि पेशींना निरोप पोचतो की इथं भार येतोय, इथं भर घाला. भार येईल तसं हाड स्वतःला घडवतं, ही गोष्ट जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२मध्येच मांडली होती. याची उलट बाजू अंतराळवीरांमध्ये दिसते. तिथं शरीराला वजनच नाही, त्यामुळे खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटते. उत्तम आहार, उत्तम डॉक्टर, तरीही.

बारा-तेरा वर्षांपर्यंत या निरोपाला हाड जसं उत्तर देतं तसं नंतर देत नाही. वाढत्या वयात भर हाडाच्या बाहेरच्या अंगाला पडते, म्हणजे हाडाचा घेरच वाढतो. तुम्ही बांधकामावर पाइप बघितले असतील. सारख्याच वजनाचं लोखंड घेऊन एक बारीक भरीव सळई केली आणि एक रुंद पोकळ पाइप केला, तर वाकायला पाइप कितीतरी कठीण जातो. हाडाचंही तसंच. घेर थोडा जरी वाढला तरी ताकद पुष्कळ वाढते. मोठेपणी व्यायाम केला तर आहे ते हाड टिकतं, थोडी घनता वाढते, पण घेर वाढवण्याची ती संधी बहुतेक गेलेली असते. लहानपणी मिळवलेला घेर मात्र उतारवयात सहज जात नाही, कारण म्हातारपणी हाड मुख्यतः आतून पोखरलं जातं.

आता खो-खोबद्दल. चालण्यानं हाडांना निरोप जातो, पण हळू आवाजात. पोहणं आणि सायकल हृदयाला, फुप्फुसांना फार चांगले, मुलीला आवडत असतील तर जरूर करू द्या, पण त्यात हाडांवर आपटा येत नाही, म्हणून हाडांच्या हिशेबात त्यांना मोठी जमा मिळत नाही. हाडाला काय आवडतं? अचानक, जोराचा आणि वेगवेगळ्या दिशांनी येणारा भार. आणि मध्ये विश्रांती. हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मला तर खो-खोचं मैदान दिसतं. बसल्या जागेवरून खो मिळाल्याबरोबर उसळणं, साखळी खेळताना हुलकावणी देऊन अंग वळवणं, भर वेगात असताना पाय रोवून थांबणं, खांबापाशी सूर मारणं. प्रयोगशाळेत बसून मुलींच्या खुब्यासाठी खेळ तयार करायला सांगितला असता, तरी यापेक्षा फार वेगळा निघाला नसता.

आणि यासाठी तासन्‌तास लागत नाहीत. जपानमध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात रोज फक्त पाच उड्यांनी हाडं भक्कम झाली. उड्यांची संख्या वाढवत गेले तसा फायदा फारसा वाढत गेला नाही. हाडाच्या पेशी थोड्या वेळानं कंटाळतात, त्यांना काही तासांची उसंत लागते आणि मग त्या पुन्हा ऐकतात. हे लक्षात घेऊन कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या शाळांनी एक साधी गोष्ट करून बघितली. शाळेची घंटा झाली की मुलांनी दहा उड्या मारायच्या, असं दिवसातून तीनदा. एकूण वेळ तीन मिनिटांच्या आसपास. आठ महिन्यांत खुब्याच्या हाडावर फरक दिसला. स्वीडनमधल्या माल्मो शहरात काही मुलांना आठवड्याला साठ मिनिटांऐवजी रोज चाळीस मिनिटं शारीरिक शिक्षणाचा तास दिला, १९९९ पासून वर्षानुवर्षं, आणि त्याचाही फायदा दिसला. आपल्याकडे वेळापत्रकात पीटीचा तास असतो आणि परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो. मला याचा मनापासून राग येतो. तुम्ही पालक सभेला जाल तेव्हा हे विचारा. एक आई बोलली की मागून चार जणी बोलतात.

म्हणून अभ्यासाची काळजी असेल तर यजमानांना सांगा की संघाचा सराव आठवड्याला तीन-चार दिवस, तासभर, एवढा कायम राहू दे. दहावीच्या वर्षी, अगदीच वेळ नसेल तेव्हा, हा घंटेचा उपाय घरी करा: सकाळी दात घासल्यावर, शाळेतून आल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावताना प्रत्येकी दहा उड्या. कधी दोन्ही पायांवर, कधी लंगडी, कधी आडव्या. गच्चीवर दोरी घेऊन गेली तर उत्तमच. पण दहावीपर्यंत सगळं बंद आणि मग जिम, हे नको. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज एक तास दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडा-स्नायूंना ताकद देणारा खेळ सांगितला आहे. जगातल्या ११ ते १७ वयाच्या मुलींपैकी ८५ टक्के मुली एवढ्या हलत नाहीत. तुमची मुलगी आज उरलेल्या १५ टक्क्यांत आहे. तिला तिथून खाली ओढू नका.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नका. त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं, आणि त्यामागे नातीची मायाच आहे. पण गर्भाशय उड्यांनी खाली सरकत नाही. ते ओटीपोटात हाडांच्या कड्यामध्ये, स्नायू आणि मजबूत बंधांनी धरलेलं असतं. उतारवयात अंग बाहेर येतं ते प्रामुख्यानं बरीच आणि अवघड बाळंतपणं, वय, वर्षानुवर्षांचं कुंथणं यांमुळे. बारा वर्षांच्या मुलीच्या खो-खोमुळे नव्हे. खेळाडू बायकांची बाळंतपणं इतरांसारखीच होतात. पाळीच्या दिवसांतही खेळायला हरकत नाही, तिला बरं वाटत असेल तर. पोटात दुखत असेल तर त्या दिवशी बसू दे. तो निर्णय तिचा.

हे सगळं शास्त्र सासूबाईंना ऐकवण्यापेक्षा मी तुमच्या जागी असते तर त्यांना मंगळागौरीबद्दल विचारलं असतं. लग्नानंतर पहिली पाच वर्षं श्रावणात त्यांनी मंगळागौर जागवली असेल ना? तेव्हा त्या कितीच्या होत्या, अठरा? वीस? नववारी नेसून रात्रभर फुगडी, बसफुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटापागोटा. बसफुगडी आठवा. उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकत उसळायचं, कितीतरी वेळ. आजच्या जिममधल्या पोरींना पाच मिनिटं जमणार नाही. नव्या नवरीला, जिच्या बाळंतपणाची सगळं घर वाट बघत असे, तिला आपल्या बायकांनीच रात्रभर उड्या मारायला लावल्या. तेव्हा कुणी म्हणालं नाही की गर्भाशय सरकेल. भोंडल्याला, हादग्याला फेर धरायचा तो पाळी आलेल्या-न आलेल्या सगळ्या मुलींनी. आपल्या आज्या-पणज्यांना हाडांचं शास्त्र ठाऊक होतं असा दावा मी करत नाही. पण मुलींनी अंग मोकळं करून उसळावं याला आपल्या रीतीत जागा होती, एवढं नक्की. मग मैदानावर उसळली तर काय बिघडलं? हे सासूबाईंना त्यांच्याच तोंडून आठवू द्या.

एक भीती मात्र घरात उघड बोलली जात नाही, म्हणून मीच बोलते. योनिपटल फाटेल आणि पुढे लग्नात कुणी काही म्हणेल, अशी कुजबुज कित्येक घरांत असते. हा पडदा प्रत्येक मुलीत वेगळा असतो, काहींमध्ये जवळजवळ नसतोच, आणि त्यावरून मुलीबद्दल काहीही सांगता येत नाही, डॉक्टरांनासुद्धा नाही. या भीतीपायी मुलीच्या पुढच्या साठ वर्षांची हाडं पणाला लावू नका. तुमच्या घरी ही भीती नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

रापण्याचं म्हणाल तर रंग येतो आणि जातो. आपल्याकडे एवढं ऊन असून पुष्कळ शाळकरी मुलींमध्ये ड जीवनसत्त्व कमी निघतं, कारण त्या उन्हात जातच नाहीत. आणि ज्याला आपण कोवळं ऊन म्हणतो त्यात ते फारसं बनत नाही. त्यासाठी लागणारे किरण साधारण अकरा ते दोनच्या उन्हात असतात. रविवारी त्या वेळेत अर्धा तास हात-पाय-तोंड उघडं ठेवून बाहेर राहिली तर ते रापणं नव्हे, औषध आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. तुम्ही बरोबर चालला आहात. या वयाच्या मुलीला दिवसाला ८५० ते १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पेलाभर दुधात दोन-अडीचशे. भाकरीबरोबर तिळाची चटणी, राजगिऱ्याची पालेभाजी, वाटीभर दही, मासे खात असाल तर काट्यासकट खायची बारीक मासळी किंवा सुकट. एवढ्यात ते भागतं. निरोगी मुलांना गोळ्या देऊन झालेल्या बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा खुबा आणि कण्यावर ठळक फायदा दिसला नव्हता. मुलगी दूध-दही-नाचणी काहीच खात नसेल तर गोष्ट वेगळी, पण ते डॉक्टरांनी ठरवू दे. आणि सरावानंतर तिला पोटभर खाऊ द्या, "जाड होशील" हे शब्द घरात कुणी उच्चारू नका. याचं कारण सांगते.

खेळणाऱ्या मुलींना माझी खरी काळजी एकाच बाबतीत वाटते. खूप सराव आणि कमी खाणं एकत्र आलं की शरीर काटकसर करायला लागतं आणि पाळी बंद पडते. पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन, हाडं जपणारं स्त्री-संप्रेरक, कमी, आणि मग खेळूनसुद्धा हाडं झिजतात. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत पाळी मागेपुढे होते, ते चालायचंच. पण नियमित झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तसंच लंगडणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, एकाच जागी बोट ठेवता येईल असं नडगीचं दुखणं, या गोष्टी "खेळाडूंचं चालायचंच" म्हणून सोडू नका. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखणं या वयात पुष्कळ मुलांना होतं. त्यासाठी थोडी विश्रांती, थोडा बर्फ पुरतो, खेळ सोडायचं कारण नाही.

आणखी एक. या वर्षांत हाडांची लांबी आधी वाढते आणि खनिज काही महिने मागे राहतं. त्यामुळे अकरा ते तेराच्या दरम्यान पडून मनगट मोडण्याचं प्रमाण वाढलेलं असतं. कधी असं झालंच तर घरातले लगेच म्हणतील, "बघ, सांगत होतो." तुम्ही डगमगू नका. प्लास्टर निघाल्यावर ती पुन्हा मैदानावर जाऊ शकते. फक्त सराव सिमेंटवर नको, मातीवर हवा, आणि सूर मारायला नीट शिकवलेलं हवं. प्रशिक्षकांशी हे बोला.

बारा-तेराच्या मुली खेळ का सोडतात, हे मी आमच्याकडे येणाऱ्या मुलींना विचारते. बहुतेक वेळा कारण सासूबाई किंवा दहावी नसतंच. मैदानाजवळ कडी लागणारं स्वच्छतागृह नाही. पॅड बदलायला जागा नाही. धावताना छातीला आधार देणारी, नीट मापाची ब्रा कुणी आणून दिली नाही आणि मागायची लाज वाटते. संघाची चड्डी डाग पडला तर दिसेल अशी फिकट आहे. ही कारणं मुली घरी सांगत नाहीत, "आता कंटाळा येतो" एवढंच म्हणतात. तुम्ही न विचारता तिला खेळाच्या दोन ब्रा, आत घालायला गडद रंगाची घट्ट चड्डी आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात जास्तीचे पॅड देऊन टाका. माझ्या मते कॅल्शियमच्या गोळ्यांपेक्षा हा खर्च तिच्या हाडांना जास्त उपयोगी पडेल.

तुमच्या स्वतःबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण आईचा खुबा मोडलेला आहे म्हणून सांगते. तुम्ही चाळिशीच्या आसपास असाल. घेर वाढवण्याचं वय गेलं, पण आहे ते टिकवण्याचं आहे. आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम, जिने, आणि गुडघे ठणठणीत असतील तर मुलीबरोबर त्या दहा उड्या. पाळी जायच्या सुमारास हाडांची घनता मोजण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आईला आणि सासूबाईंना मात्र उड्या मुळीच नकोत. त्यांच्यासाठी हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा वर करणं, आणि न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा. आईचा खुबा मोडल्यानंतर हाडं भक्कम करण्याचं औषध सुरू झालं आहे का, तेवढं तपासा. हाड जोडलं जातं आणि ठिसूळपणावरचं औषध राहून जातं, असं मी फार वेळा बघितलं आहे.

यजमानांना अजूनही वाटत असेल की खो-खोला पुढे काय आहे, तर जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं आणि त्यांची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तुमची मुलगी तिथवर जावो न जावो, माझं पत्र त्यासाठी नाही. पण तालुक्याचा पहिला सामना असेल त्या दिवशी यजमानांना अर्धी रजा घ्यायला लावा आणि सासूबाईंनाही सोबत न्या. सावलीत खुर्ची टाका, पाण्याची बाटली द्या. नात खांबाला वळसा घालून निसटताना त्यांनी एकदा डोळ्यांनी बघू दे. मग संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना विचारा, बसफुगडीत त्यांच्याइतकं कोण टिकायचं.